एका खिशात लिंकनसाठी अर्ज, दुसऱ्या खिशात मॉन्टगोमेरीची चिठ्ठी

(या सदरात अधूनमधून जुन्या काळातल्या माणसाने पत्र पाठवलंय असं धरून मी उत्तर देत असतो. आजचं पत्र वॉशिंग्टनहून आलंय, तारीख मार्च १८६१ च्या अगदी शेवटची. पत्र लिहिणारा कल्पनेतला, बाकी सगळं खरं.)

वाचकाचा प्रश्न, थोडक्यात: मी व्हर्जिनियातला, पोटोमॅक नदीच्या काठावरच्या एका लहान गावचा. दुकान होतं, १८५७ च्या मंदीत बुडालं. त्याच दुकानात गावचं पोस्ट होतं, त्यामुळे टपालाचं काम मला येतं. गेल्या नोव्हेंबरात मी लिंकनला मत दिलं. आमच्याकडे कोर्टासमोर उभं राहून उमेदवाराचं नाव मोठ्याने सांगावं लागतं, त्यामुळे अख्ख्या गावाला ते माहीत आहे. आता आपलं सरकार आलंय तर गावच्या पोस्टमास्तरची जागा मिळावी म्हणून शपथविधीपासून इथे खोली घेऊन पडलोय, रोज व्हाइट हाउसच्या जिन्यावर उभा असतो, पैसे संपत आले. इकडे मेव्हण्याने कळवलंय की देशातून फुटून गेलेल्या दक्षिणेकडच्या राज्यांचं मॉन्टगोमेरीत जे नवीन सरकार बसलंय त्यांना टपालाची माहितगार माणसं हवीत, त्याच्या ओळखीने एक चिठ्ठीही त्याने पाठवलीय. व्हर्जिनिया अजून फुटलेलं नाही. इथले मोठे लोक म्हणतात लढाई वगैरे काही होत नाही. गुलामगिरीच्या भांडणाशी माझा काही संबंध नाही, मी कोणाला बाळगत नाही, मला फक्त पगार हवाय. बायको म्हणते रिकाम्या हाताने या पण या. दोन्हीकडे अर्ज टाकून ठेवले तर काय बिघडलं?

उत्तर:

नमस्कार,

मोठ्या प्रश्नाकडे नंतर येतो, आधी एक साधी गोष्ट. तुम्ही चुकीच्या जिन्यावर उभे आहात. तुमच्या गावाएवढ्या पोस्टाचा मास्तर प्रेसिडेंट नेमतच नाही. ज्या पोस्टमास्तरला वर्षाला १,००० डॉलरच्या वर मिळतात त्याची नेमणूक प्रेसिडेंट करतो आणि सिनेट मंजूर करते, १८३६ पासून असंच आहे, आणि बाकीची सगळी पोस्टं पोस्टमास्टर जनरलच्या अखत्यारीत. देशात एकूण पोस्टं २८ हजारांच्या घरात आहेत, त्यातलं तुमचं एक. पोस्टमास्टर जनरल म्हणजे मॉन्टगोमेरी ब्लेअर (नाव तेच पण त्या शहराशी याचा संबंध नाही), आणि ब्लेअरही प्रत्येक गावाचे कागद स्वतः बघत नाही, ते काम त्याचा पहिला असिस्टंट जॉन कॅसन बघतो. म्हणजे तुमचा कागद हलला तर तिथून हलणार, लिंकनच्या दारातून नाही. आणि कॅसनच्या टेबलावर पहिला प्रश्न असणार की त्या भागाचा काँग्रेसमन काय म्हणतो, तर तुमच्या भागाला रिपब्लिकन, म्हणजे लिंकनच्या पक्षाचा, काँग्रेसमनच नाही. अख्ख्या व्हर्जिनियात दीड लाखाच्या वर मतं पडली, त्यातली लिंकनची दोन हजारही नाहीत. तुमच्यासाठी शब्द टाकेल असा माणूस तुमच्या पत्रात मला कुठे दिसलाच नाही हो. नुसता जिना दिसला.

आता त्या जिन्याच्या वर बसलेल्या माणसाबद्दल. तो तुम्हाला भेटेलही, भेटतो सगळ्यांना, हाच तर घोळ आहे. शपथ घेतल्याच्या दुसऱ्याच दिवशी, ५ मार्चला, त्याच्या हातात चार्ल्सटनच्या बंदरातल्या फोर्ट समटर या सरकारी किल्ल्यावरच्या मेजर अँडरसनचा निरोप पडला की किल्ल्यातलं अन्न काही आठवड्यांपुरतंच उरलंय. सात राज्यं फुटून गेलेली, चार्ल्सटनच्या बंदरात तोफा रोखलेल्या, आणि दाराबाहेर तुम्ही सगळे आपापल्या गावची पोस्टं मागत उभे. घराच्या एका टोकाला आग लागलीय आणि मी दुसऱ्या टोकाच्या खोल्या भाड्याने देत बसलोय, असं तो म्हणाल्याचं सांगतात. अशा गर्दीत माणसाच्या हातून काय होतं ते बघा: १ एप्रिलला परराष्ट्रमंत्री सीवर्डने पुढे केलेल्या कागदांवर तो नीट न वाचता सह्या करणार आहे आणि पॉहॅटन नावाची लढाऊ बोट जी समटरकडे जायला हवी ती भलतीकडेच, फ्लोरिडातल्या फोर्ट पिकन्सकडे जाणार आहे. चूक माझी म्हणून तो कबूलही करणार. आता अशा माणसाने तुमच्या अर्जावर दोन शब्द खरडून दिलेच समजा, तर त्या शब्दांच्या जोरावर तुम्ही काय काय ठरवणार? खोलीचं आणखी महिन्याचं भाडं?

(पुढचं मला माहीत आहे आणि तुम्हाला नाही, हे थोडं अन्यायाचं आहे. शक्यतो तुम्हाला तिथून जे दिसतं त्याच्यावरच बोलतो, पण काही गोष्टी सांगितल्याशिवाय राहवणार नाही.)

एक मात्र ऐका, तुमच्यासारखे लोक त्याला नवे नाहीत, तो स्वतः या रांगेत उभा राहिलेला आहे. १८४९ मध्ये काँग्रेसमधली टर्म संपल्यावर जनरल लँड ऑफिसचं कमिशनरपद मिळावं म्हणून त्याने ओळखीच्यांना पत्रं लिहिली, शिफारशी गोळा केल्या, वॉशिंग्टन गाठलं. वर्षाला ३,००० डॉलरची जागा होती. प्रेसिडेंट टेलरच्या निवडणुकीसाठी राबलो, आता आपला हक्क आहे, असंच त्यालाही वाटत होतं. जागा गेली शिकागोच्या जस्टिन बटरफील्डला. मग लिंकनची समजूत काढायला ओरेगनचं सेक्रेटरीपद पुढे केलं, ते नको म्हणाला, मग गव्हर्नरपद देऊ केलं, तेही नको म्हणाला आणि स्प्रिंगफील्डला जाऊन वकिली करत बसला. पुढे प्रेसिडेंट झाला म्हणून हे सांगत नाहीये, तसं सगळ्यांचं होत नसतं. सांगायचं एवढंच की मागितलेलं मिळालं नाही तर जे देतील ते घेतलंच पाहिजे असं नाही, आणि तो तुम्हाला नाही म्हणाला तरी तुमच्यावर राग धरून म्हणालेला नसेल.

आणि हो, तोही एकेकाळी गावचा पोस्टमास्तरच होता, न्यू सेलम, १८३३ ते १८३६. तेव्हा सत्तेत प्रेसिडेंट जॅक्सन आणि हा विरोधातला, तरी नेमणूक झाली, कारण जागा एवढी किरकोळ होती की राजकारण आडवं येण्याइतकीही तिची किंमत नव्हती, असं त्यानेच लिहून ठेवलंय. तुमच्या डोक्यातली नोकरी ही तशी आहे. चार पत्रं यायची, चार जायची, लोक पेपर न्यायला आले की गप्पा. मला अडचण वाटते ती इथेच, कारण १८६१ च्या व्हर्जिनियात ती नोकरी शिल्लक राहिलेली नाही.

का ते सांगतो. पोस्टमास्तर व्हायला जामीनपत्र द्यावं लागतं, त्यावर तुमच्या बाजूने जामीनदारांच्या सह्या लागतात, घरदार असलेल्या माणसांच्या. गावात कोण सही करणार? ज्यांनी कोर्टासमोर तुमच्या तोंडून लिंकनचं नाव ऐकलं आणि माना फिरवल्या ते? मला खरंच उत्तर हवंय, कागद घ्या आणि नावं लिहून काढा. हे तुम्ही वॉशिंग्टनला यायच्या आधीच करायला हवं होतं असं म्हणणार होतो, पण आता इथे बसून करा, नावं तीच असणार.

मग टपालाच्या थैलीत काय येतं हा प्रश्न. १८३५ च्या जुलैत चार्ल्सटनमध्ये जमावाने पोस्टातून गुलामगिरीविरोधी पत्रकं काढून उघड्यावर जाळली आणि तेव्हाच्या पोस्टमास्टर जनरलने काणाडोळा केला. तेव्हापासून दक्षिणेतल्या पोस्टमास्तरने असले कागद वाटायचे नाहीत हा जवळजवळ रिवाजच पडून गेला. रिपब्लिकन सरकार आलं म्हणून तिकडे जी भीती पसरलीय त्यातली एक हीच आहे, की आता लिंकनचे पोस्टमास्तर गावागावात बसतील आणि ती पत्रकं घरोघरी पोचवतील. त्यामुळे तुम्ही खिडकीच्या मागे नुसते बसलात तरी गावाला तुम्ही लिंकनचा माणूस दिसणार. थैली उघडल्यावर असा एखादा पेपर निघाला तर द्याल की चुलीत टाकाल? दिलात तर गाव उठेल, टाकलात तर तुम्ही ज्या सरकारची शपथ घेतली त्याच्या टपालाची चोरी केलीत. तुम्ही म्हणता गुलामगिरीशी माझा संबंध नाही, पण ज्या जागेसाठी तुम्ही जोडे झिजवताय तिच्या टेबलावरच तो वाद येऊन पडणार आहे. आणखी एक सांगू? टपालाची थैली वाहून न्यायला कायद्याने फक्त गोरा माणूस चालतो. म्हणजे तुमची संबंध नसलेली गोष्ट पोस्टाच्या नियमातच लिहिलेली आहे.

लिंकनला हे कळत नाही असंही नाही. ४ मार्चच्या भाषणात तो म्हणालाय की लोकांनी हाकलून लावलं नाही तर टपाल सगळीकडे चालू राहील, पण जिथे विरोध इतका कडवा आहे की तिथला लायक माणूस सरकारी पद घेऊच शकत नाही तिथे बाहेरचे नकोसे लोक आम्ही लादणार नाही, काही काळ ती पदं तशीच राहिली तरी चालेल. भाषण छापून आलंय, तुम्हीही वाचलं असेल, तुमच्या गावासाठी त्याचा अर्थ काय होतो ते मात्र वाचलेलं दिसत नाही.

आता तुमचं हक्काचं म्हणणं. मत दिलं, तेही सगळ्यांसमोर, धोका पत्करून. त्याला हिंमत लागते, ती मी अजिबात कमी लेखत नाही. पण त्या जिन्यावर उभा असलेला प्रत्येक जण काहीतरी दिलेलाच आहे. जॅक्सनच्या काळापासून जिंकलेल्या पक्षाने जागा वाटायच्या ही रीत पडलीय, सरकार बदललं की हजारो माणसं उठतात आणि हजारो बसतात. पुढच्या वेळी डेमोक्रॅट आले की तुम्ही उठणार. मधल्या काळात निवडणूक आली की पक्षाचा माणूस पगारातला हिस्सा मागायला येणार, नाही म्हणायची सोय नाही. १८८१ मध्ये अशाच एका नोकरी न मिळालेल्या माणसाने प्रेसिडेंट गारफिल्डला गोळी घातली आणि मग १८८३ मध्ये कुठे परीक्षा घेऊन नोकऱ्या द्यायचा कायदा झाला, म्हणजे तुमच्या हयातीतलं धरायला हरकत नाही पण तुमच्या उपयोगाचं नाही.

आणि खुद्द प्रेसिडेंटचा लाडका असूनही काम होतंच असं नाही. एल्मर एल्सवर्थ हा पोरगा लिंकनच्या ऑफिसात वकिली शिकला, त्याच्याबरोबर ट्रेनने वॉशिंग्टनला आला, त्याला वॉर डिपार्टमेंटमध्ये चांगल्या जागेवर बसवायचं म्हणून लिंकनने स्वतः सेक्रेटरी कॅमेरनला चिठ्ठी लिहिली. नाही जमलं. आता तुमचं काय ते तुम्हीच बघा.

लढाई होत नाही असं मोठे लोक म्हणतात, याबद्दल. म्हणतात खरं. सीवर्ड तर साठ-नव्वद दिवसांत सगळं निवळेल असं सांगत आलाय. पण अशा वेळी लोक बोलतात काय याच्यापेक्षा स्वतःच्या नोकरीचं काय करतायत ते बघावं. अमेरिकन सैन्याचा अ‍ॅडज्युटंट जनरल सॅम्युएल कूपर, म्हणजे सगळ्या सैन्याचे कागद ज्याच्या हातात, त्याने ७ मार्चला राजीनामा दिला आणि मॉन्टगोमेरीच्या सरकारात त्याच कामावर रुजू झाला. त्याच्या आदल्याच दिवशी तिकडच्या काँग्रेसने १ लाख स्वयंसेवक घ्यायचा कायदा केला. भांडण निवळणार म्हणून कोणी १ लाख माणसं गोळा करत नाही.

दुसरा माणूस बघा, विल्यम शर्मन. वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीत शिकलेला, लुइझियानात मिलिटरी शाळा चालवत होता, राज्य फुटायला लागल्यावर सोडून निघून आला. याच मार्चमध्ये त्याचा भाऊ, सिनेटर जॉन शर्मन, त्याला लिंकनकडे घेऊन गेला. सिनेटर भाऊ म्हणजे याच्यावरचा वशिला कुठला? तरी भेटीतून निराशच झाला, इथे कोणालाच काय येतंय ते कळत नाहीये म्हणून, आणि सेंट लुइसला जाऊन ट्रामच्या कंपनीत नोकरीला लागला. एप्रिलच्या सुरुवातीला ब्लेअरच त्याला तार करून वॉर डिपार्टमेंटचं चीफ क्लार्कपद देऊ करणार आहे, आणि हा नको म्हणणार आहे. मे महिन्यात मग तो सैन्यात कर्नल म्हणून येतो, त्याला जे काम येतं त्या कामावर. तुम्ही शर्मन नाही, मीही नाही, पण कुटुंब पोसायचं त्यालाही होतंच आणि त्याने ते ट्रामवर पोसलं. सरकारी जागेशिवाय पगार नाही हे तुमच्या डोक्यात कुठून बसलंय ते एकदा तपासा.

आता मेव्हण्याची चिठ्ठी.

दोन्ही डगरींवर हात ठेवले तर काय बिघडलं, असं तुम्ही विचारताय. व्यवहाराने बोलायचं तरी बरंच बिघडतं. तिकडचा पोस्टमास्टर जनरल जॉन रेगन टेक्सासचा, काल-परवापर्यंत वॉशिंग्टनच्याच काँग्रेसमध्ये बसत होता. त्याला माणसं हवीत हे खरं आहे, पण त्याला इथल्या पोस्ट डिपार्टमेंटच्या आतली माणसं हवीत, फॉर्म, नकाशे, हिशेबाची पद्धत सोबत घेऊन येणारी, आणि तशी काही गेलीही. तुम्ही गावच्या दुकानातल्या पोस्टात काम केलेला माणूस, तेही लिंकनला मत दिलेला. मेव्हण्याच्या ओळखीने तुम्हाला तिथे कुठलीतरी शेवटची खुर्ची मिळेल, आणि ती टिकवायला तुम्हाला रोज सिद्ध करावं लागेल की मी आता तुमचा आहे. इकडेही तेच. वॉशिंग्टन लहान आहे, बरेच क्लार्क दक्षिणेकडचे किंवा दक्षिणेत सोयरीक असलेले, चिठ्ठी फार दिवस गुपित राहत नाही. उन्हाळ्यात काँग्रेस एक कमिटी नेमणार आहे, विस्कॉन्सिनच्या पॉटरच्या अध्यक्षतेखाली, तिचं कामच मुळी कोणता क्लार्क मनाने तिकडचा आहे ते शोधणं, आणि तिच्यासमोर लोक शेजारी काय जेवताना बोलला तेही सांगणार आहेत. तुमच्या खिशातला कागद त्याच्यापेक्षा बराच ठळक पुरावा आहे.

पण व्यवहार बाजूला ठेवतो, कारण इथे मला तुमच्याशी थोडं कडक बोलायचंय. तुम्ही दोन सरकारं अशी मांडलीत की जणू दोन दुकानं आहेत, ज्याचा पगार बरा त्याच्याकडे जायचं. ११ मार्चला मॉन्टगोमेरीत त्यांची राज्यघटना मंजूर झाली, त्यात गुलामांवरची मालकी नाव घेऊन राखलीय. २१ मार्चला सव्हानात त्यांचा उपाध्यक्ष अलेक्झांडर स्टीफन्स जाहीर सभेत सांगून आला की आमच्या सरकारचा पायाच या गोष्टीवर आहे की काळा माणूस गोऱ्याच्या बरोबरीचा नाही. हे कोणी विरोधकाने लावलेलं लांछन नाही, त्यांचं त्यांनीच सांगितलंय, आणि तुम्ही त्या सरकारची शपथ घेऊन पगार घ्यायचा म्हणताय. मी कोणाला बाळगत नाही हे उत्तर तिथे पुरत नाही. नोव्हेंबरात तुम्ही कोर्टासमोर ते नाव का घेतलंत? गप्प बसता आलं असतं, मत न देता घरी जाता आलं असतं. पत्रात त्याचं कारण तुम्ही एका शब्दाने लिहिलेलं नाही आणि मला सगळ्यात जास्त तेच जाणून घ्यायचंय. माझा अंदाज, तुम्हाला वाटतं तितके तुम्ही तटस्थ नाही आहात, पैसे संपत आले की माणूस स्वतःबद्दल असं बोलायला लागतो.

तेव्हा माझ्या मते मॉन्टगोमेरी बाद. चिठ्ठी ठेवून द्यायची नाही, परत पाठवायची, मेव्हण्याला सरळ दोन ओळी लिहून, की ओळख वापरल्याबद्दल आभार, मला ते जमणार नाही. कारणांची यादी देऊ नका, वाद वाढतो आणि ते पत्र पुढे कोणाच्या हातात पडेल सांगता येत नाही.

गावचं पोस्टही बाद. ते तुम्हाला मिळालंच, तर १७ एप्रिलला व्हर्जिनियाची सभा फुटून जायच्या बाजूने मत देणार आहे (४ एप्रिलला तोच ठराव आपटणार आहे, म्हणून तुम्ही निर्धास्त व्हाल, होऊ नका), मग ३१ मेपर्यंत तुम्ही वॉशिंग्टनला हिशेब देणं लागता आणि १ जूनपासून त्याच खिडकीत रेगनचे पोस्टमास्तर, आणि मधल्या गोंधळात तिकिटांचा पैसा कमी भरला तर पकडणार कोणाला, ज्या दोघांनी जामीन म्हणून सही केली त्यांना. शेजाऱ्यांना त्यात ओढू नका.

राहिलं काय? मला दोन रस्ते दिसतात, आणि दुसरा मला जास्त आवडतो पण पहिला तुम्हाला जास्त आवडेल.

पहिला, वॉशिंग्टनमध्येच डिपार्टमेंटची क्लार्की. दक्षिणेकडचे लोक सोडून जातायत तशा खुर्च्या रिकाम्या होतायत. खालच्या वर्गाला वर्षाला १,२०० डॉलर, वर चढत १,८०० पर्यंत. एक साधीशी परीक्षा असते, अक्षर आणि हिशेब नीट लागतो, दुकान चालवलेल्या माणसाला जड नाही. यालाही वशिला लागतोच, त्यात लाजू नका, लिंकनचा स्वतःचा सेक्रेटरी जॉन हे कागदोपत्री इंटिरियर डिपार्टमेंटचा क्लार्क आहे कारण काँग्रेसने एकाच सेक्रेटरीचा पगार मंजूर केलाय. पण अर्ज एक पानाचा करा. कोणासाठी किती झिजलो याच्यावर तो भरू नका, कोणतं काम येतं ते लिहा, टपालाचा हिशेब किती वर्षं ठेवला ते लिहा. जागेवर बसलेल्या माणसाची निंदा तर अजिबात नको. कॅलिफोर्नियाच्या नेमणुकांवरून काही लोक सिनेटर बेकरविरुद्ध आरोपांचा कागद घेऊन लिंकनकडे गेले होते, बेकर त्याचा जुना मित्र, लिंकनने तो कागद शेकोटीत टाकला. आणि अर्ज ज्याच्या हातून जाणार त्याला आधीच तोंडावर विचारा, याच्या बदल्यात माझ्याकडून तुम्हाला काय लागेल? विचारायला अवघड वाटतं, पण न विचारता घेतलेल्या उपकाराची मागणी नेमकी अडचणीच्या दिवशी येते. जिथे जिथे माणसं नेत्याच्या चिठ्ठीवर नोकरी धरतात आणि खाली देश हलतोय तिथल्या सगळ्यांनाच मी हे सांगेन: जागा कोणती याच्या आधी शपथ कोणाची, जामीन कोण राहणार, आणि चिठ्ठी देणारा उद्या पडला तर माझं काय, ही तीन उत्तरं हातात नसतील तर सही करू नका. कॅमेरनच्या चिठ्ठ्यांवर लागलेल्या लोकांना विचारा, पुढच्या जानेवारीत साहेब वॉर डिपार्टमेंटमधून उठून रशियाला राजदूत म्हणून रवाना होणार आहे.

मुदतही घालून घ्या. सिनेट २८ मार्चला उठली, सिनेटर लोक घरी निघालेत, तुमच्यासाठी बोलणारी तोंडं रोज कमी होतायत. एप्रिलचा पहिला आठवडा संपेपर्यंत काही हाललं नाही तर हलणार नाही असं समजा.

दुसरा रस्ता, पद न घेता घरी जाणं, पण राहायला नाही, माणसं घेऊन नदीच्या अलीकडे यायला. बायको रिकाम्या हाताने या म्हणते ती उगाच नाही म्हणत. गावात काय बोललं जातंय ते ती रोज ऐकते, तुम्ही विलर्ड हॉटेलच्या लॉबीतलं ऐकता. २३ मे रोजी व्हर्जिनियात फुटण्याच्या ठरावावर मतदान आहे आणि ते पुन्हा तोंडानेच, कोर्टासमोर, मोठ्याने. या वेळी बंदुकवाले आजूबाजूला असतील. तुम्हाला पुन्हा एकदा नाव किंवा हो-नाही उच्चारावं लागेल किंवा न जाऊन तेच सांगावं लागेल. दुसऱ्या दिवशी पहाटे उत्तरेचं सैन्य पोटोमॅक ओलांडणार आहे आणि तो एल्सवर्थ, ज्याला प्रेसिडेंटच्या चिठ्ठीनेही खुर्ची मिळाली नाही, अलेक्झांड्रियात एका हॉटेलवरचा झेंडा उतरवून जिन्याने खाली येताना गोळी लागून मरणार आहे. त्याच्या आधी तुमची मुलंबाळं कुठल्या काठावर आहेत ते ठरलेलं असू द्या. मेरीलँडच्या बाजूला नातेवाईक असतील तर त्यांना आजच लिहा. नसतील तर वॉशिंग्टनमध्ये स्वस्तातली दोन खोल्यांची जागा, आणि काम म्हणाल तर लढाई सुरू झाली की या शहरात कारकून, गोदामवाले, हिशेबनीस, गाडीवान सगळेच कमी पडणार आहेत. तेव्हा लिंकनला मत दिलं होतं का हे नंतर विचारतील, काम येतं का हे आधी.

तरीही तुम्ही जिन्यावरच थांबायचं ठरवलंत, तर तेही कसं दिसेल ते सांगून ठेवतो. समटरवर १२ एप्रिलला तोफा सुटणार, बाल्टिमोरमध्ये १९ तारखेला सैनिकांवर हल्ला होणार, त्यानंतर काही दिवस रेल्वे आणि तारा तुटून वॉशिंग्टन एकटं पडणार. त्या दिवसांत शहर राखायला नीट सैन्य नाही. म्हणून बाल्टिमोरच्या आदल्याच दिवशी कॅन्ससचा सिनेटर जिम लेन नोकऱ्या मागायला आलेल्या आपल्याकडच्या लोकांना विलर्डमध्ये गोळा करतो, बंदुका देतो, आणि १८ एप्रिलच्या रात्री ही मंडळी व्हाइट हाउसच्या ईस्ट रूममध्ये गालिच्यावर झोपून पहारा देतात. कॅशियस क्ले, ज्याला रशियातलं राजदूतपद मिळालंय, तोही निघायचं थांबवून अशीच एक तुकडी उभी करतो. म्हणजे जिन्यावरून आत जायला मिळेल, फक्त हातात अर्जाऐवजी बंदूक असेल. तेवढी तयारी असेल तर थांबा, कोणी नाही म्हणणार नाही. पण घरच्यांना आधी अलीकडे आणा, मग.

उद्या सकाळी काय करायचं ते सांगतो. जिन्यावर जाऊ नका. कॅसनच्या ऑफिसात जाऊन गावच्या पोस्टाचा अर्ज मागे घेतल्याचं लेखी द्या, तिथेच क्लार्कीच्या परीक्षेबद्दल विचारा, कोण घेतो, कधी घेतो. मेव्हण्याचं पत्र दुपारच्या टपालात टाका. खोलीच्या मालकिणीला सांगा की शनिवारपर्यंतचंच भाडं देणार, आणि बायकोला कळवा की येतोय, सामान बांधायला घ्या पण शेजारी विचारतील तर बहिणीकडे चाललोय एवढंच सांगा.